घोडचूक

मोठ्या चुकीला मराठीत घोडचूक म्हणतात. घोडनवरीतला ‘घोड’ आणि घोडचुकीतला ‘घोड’ एकच, त्याचा अर्थ नुसता ‘थोराड’, पटावरच्या घोड्याशी त्याचं काही नातं नाही, असं भाषेचे जाणकार सांगतील. सांगोत बापडे. माझ्या बाबतीत ती घोड्यानंच झाली, अडीच घरं चालून झाली, आणि तालुक्याच्या गावच्या एका मंगल कार्यालयात शंभर-सव्वाशे माणसांच्या देखत झाली. देखत म्हणजे, खरं तर कुणी बघत नव्हतं. पण हरणाऱ्याला तसं वाटत नाही.

याचं मूळ भाच्यात आहे. तो इंजिनिअरिंगला आहे आणि फोनवर अनोळखी लोकांशी तीन-तीन मिनिटांचे डाव खेळत असतो. मी पन्नाशी उलटल्यावर स्पर्धेत नाव घालणार म्हटल्यावर त्याला आनंद झाला, तो सर्कशीला निघालेल्या माणसाला होतो त्या जातीचा.

“मामा, ओपनिंगला तुला काय सुचतं?”

“काही सुचत नाही.”

“उत्तम. मग पेट्रॉफ खेळ.”

पेट्रॉफ बचाव म्हणजे सभ्य माणसाची नक्कल. अलेक्झांडर पेट्रॉव्ह नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या रशियन खेळाडूच्या नावानं तो ओळखला जातो. पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं की काळ्यानंही टाकायचं. त्यानं राजाकडचा घोडा काढून आपल्या प्याद्यावर रोखला की आपणही घोडा काढून त्याच्या प्याद्यावर रोखायचा. आहेराच्या वहीसारखं. त्यांनी आपल्याकडच्या मुंजीत एकशे एक लिहिलेत ना, मग आपण त्यांच्याकडच्या लग्नात एकशे एक. भांडण नाही, उपकार नाही. बुद्धिबळात असलं काही असतं हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. इतके दिवस मी समजत होतो की पहिल्या चालीपासून डोकं चालवावं लागतं.

फक्त एका ठिकाणी नक्कल करायची नसते. पांढऱ्याचा घोडा आपलं मधलं प्यादं मारून तिथंच ठाण मांडून बसतो. तेव्हा लगेच त्याचं प्यादं मारायचं नाही. आधी वजिरापुढचं प्यादं एक घर सरकवून त्या घोड्याला ‘ऊठ’ म्हणायचं. तो उठून मागं गेला, की मग आपण त्याचं प्यादं मारायचं. हिशेब शेवटी तोच, पण क्रम महत्त्वाचा.

भाच्यानं हे मला दोनदा सांगितलं. का, तेही सांगितलं. पण माझं शिक्षण त्या काळातलं, जेव्हा ‘कारणे द्या’ या प्रश्नातली कारणंसुद्धा पाठ करायची असत. त्यानं पाठवलेल्या पीडीएफमधल्या चाली मी दोनशे पानी वहीत उतरवल्या आणि रोज संध्याकाळी रामरक्षेच्या चालीवर म्हणू लागलो. बायकोनं दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “हे कुठल्या देवाचं?”

ओपनिंगना नंबर असतात हेही मला तेव्हाच कळलं. जगातल्या यच्चयावत सुरुवाती पाच अक्षरांत आणि प्रत्येकी शंभर आकड्यांत बसवलेल्या आहेत, ए शून्य-शून्यपासून ई नव्व्याण्णवपर्यंत, एकंदर ५००. पेट्रॉफ हा सी ४२ आणि सी ४३. पिनकोड मिळाल्यावर गाव सापडलंच, असं मला वाटलं.

स्पर्धा रविवारी होती. कार्यालयात आदल्या रात्री लग्न झालेलं असावं, कारण स्टेजवर थर्माकोलमधला ‘शुभ’ शिल्लक होता आणि ‘विवाह’ गेलेला होता. टेबलांवर लग्नाचाच प्लास्टिकचा कागद, त्यावर रेक्झिनचे गुंडाळी उलगडलेले पट, आणि पटाच्या उजव्या-डाव्या हाताला घड्याळं. बाहेर व्हरांड्यात आया डबे घेऊन बसलेल्या. प्रत्येकाला पंधरा मिनिटं आणि वर दर चालीला दहा सेकंद, सात फेऱ्या, स्विस लीग. स्विस लीग ही अत्यंत न्यायी व्यवस्था आहे. जिंकणारा जिंकणाऱ्याशी खेळतो आणि वरच्या टेबलाकडं सरकतो. हरणारा हरणाऱ्याशी खेळतो आणि हात धुण्याच्या नळांकडं सरकतो.

पहिल्या फेरीत माझ्याविरुद्ध एका कॉलेजच्या मुलीनं वजिरापुढचं प्यादं टाकलं. पेट्रॉफला राजापुढचं प्यादं लागतं. दीड महिना इस्त्री करून ठेवलेला शर्ट घालायचा प्रसंगच आला नाही. तो डाव मी कसा हरलो यात सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्या फेरीत समोरचा माणूस आलाच नाही, म्हणून मला पूर्ण गुण मिळाला. मी तो डाव अतिशय शांतपणे खेळलो.

तिसऱ्या फेरीत समोर एक आजोबा येऊन बसले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत झाकणावर दोरी बांधलेला थर्मास. पंचांनी घड्याळं सुरू करायला सांगण्याआधी दोन-तीन मिनिटं होती. तेवढ्यात त्यांनी त्यांचं ओपनिंग सुरू केलं.

“कुठलं गाव म्हणायचं?”

“मूळचं मिरज. आता पुण्यात असतो.”

“मिरजंत कुठं? सतारमेकर गल्लीच्या अलीकडं का पलीकडं?”

“अलीकडं.”

“मग आडनाव काय म्हणालात?”

मी म्हणालो नव्हतो, पण सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, बहुधा आतली यादी तपासली, आणि माझ्या एका चुलत आत्याच्या सासरच्या माणसांपर्यंत ते चार प्रश्नांत पोचले. या ओपनिंगला नंबर नाही, पण महाराष्ट्रात एसटीच्या बाकावर बसलेल्या कुठल्याही दोन माणसांना ते तोंडपाठ असतं, आणि त्याच्या दहाव्या-बाराव्या चालीपर्यंत कुणालाच विचार करावा लागत नाही. त्यांची तयारी माझ्यापेक्षा पक्की होती हे मला तिथंच कळायला हवं होतं.

मग त्यांनी हात जोडून नमस्कार केला, आणि राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं.

मला इतका आनंद झाला की मी माझं प्यादं टाकून घड्याळ जरा जोरातच दाबलं. त्यांनी घोडा काढला. मी घोडा काढला. त्यांनी त्यावर थोडं थांबून, जशी दुकानदारानं न मागता उधारी द्यावी तशा नजरेनं माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांच्या घोड्यानं माझं मधलं प्यादं उचललं.

इथं वहीचं पान माझ्या डोळ्यांपुढं स्वच्छ उभं होतं. तीन नंबरची चाल आणि चार नंबरची चाल, दोन्ही दिसत होत्या. एकीत वजिरापुढचं प्यादं होतं, दुसरीत घोडा होता. त्यातली आधीची कोणती, एवढंच दिसत नव्हतं. त्यांनी माझं खाल्लं, मी त्यांचं खातो, हिशेब चुकता, असं मनाशी म्हणत मी घोड्यानं त्यांचं प्यादं मारलं.

आजोबांनी खिशातलं एक पेन काढलं, पुन्हा ठेवलं, आणि त्यांचा वजीर एकच घर पुढं, राजाच्या तोंडासमोर आणून ठेवला. एवढंच. शह नाही, मारामारी नाही. वजीर आपला गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला, आणि त्याच्या नजरेच्या रेषेत माझा घोडा होता.

इथंसुद्धा मी वजीर वजिरासमोर आणून उभा केला असता तर एका प्याद्यावर भागलं असतं. पण घोड्यावर संकट दिसलं, म्हणून मी घोडा उचलला आणि आला होता त्याच घरी परत नेला. हात सुटला. टच मूव्ह आहे, हात लावला की ते मोहरं चालवायचं आणि सोडलं की संपलं. आजोबांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत आनंद नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. मुलाच्या शाळेत फी भरायला गेल्यावर खिडकी बंद झालेली बघून चेहरा होतो, तसं काहीतरी होतं. मग त्यांनी माझ्या प्यादं-खाऊ जागेवर बसलेला त्यांचा घोडा उचलला आणि अडीच घरं बाजूला, नेमका माझ्या वजिराच्या वाटेत ठेवला.

“शह.”

घोड्याचा शह नव्हता. घोडा उठल्यावर त्याच्या मागं गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या वजिराचा शह माझ्या राजाला बसला होता. आणि घोडा माझ्या वजिरावर बसला होता. राजा वाचवायचा की वजीर, असा प्रश्नच नसतो. पाचव्या चालीला माझा वजीर गेला.

नियमानं तिथंच हात पुढं करायला हवा होता. पण सव्वाअकराच वाजले होते आणि जेवण एकला होतं. पाच चालींत हरलेला माणूस पावणेदोन तास कुठं फिरणार? म्हणून मी आणखी बावीस चाली, वजिराशिवाय, अत्यंत जिद्दीनं खेळलो.

डाव संपल्यावर आजोबांनी मला व्हरांड्यात नेलं, थर्मासच्या झाकणात चहा दिला. स्वतः पेपर-कपात घेतला.

“तुमचं लक्ष वजिराकडं हुतं. माझ्या घोड्याकडं बघितलंच न्हाई तुम्ही,” ते म्हणाले. “त्यो पडदा हुता. पडदा सरकला की आत कोण बसलंय ते दिसतं. म्हणून आधी पडदा काढून घ्यायचा असतोय, मग जेवायला बसायचं.”

दीड महिन्यात भाच्याच्या पीडीएफमधून जे मला कळलं नाही ते पडदा म्हटल्यावर कळलं. वजिरापुढचं प्यादं आधी का सरकवायचं? तर तो घोडा तिथून आपण होऊन हलावा म्हणून. तो तिथं असेपर्यंत त्याची पुढची प्रत्येक उडी शह घेऊनच येणार. कारण एवढंसं होतं. मी ते पाठ केलं होतं.

आजोबांच्या वडिलांनी त्यांना देशी बुद्धिबळ शिकवलेलं. देशीत प्यादं कधीच दोन घरं चालत नाही, पहिल्या चालीलासुद्धा एकच. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला एकदाच, तेही शह बसायच्या आत, घोड्यासारखी उडी. “आमचा डाव रंगायला वेळ लागायचा,” आजोबा म्हणाले. “प्यादी एकेक पाऊल टाकत यायची. तुमच्यात एकदम दोन-दोन घरं. आलं की डोक्याला डोकं.” पुढं सांगलीला जाऊन-येऊन ते आंतरराष्ट्रीय पद्धत शिकले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळं दरवर्षी स्पर्धा भरायच्या, तिथं उन्हाळ्यात उभं राहून दुसऱ्यांचे डाव बघणं हेच यांचं शिक्षण. “पुस्तक न्हवतं हो. पुस्तकाला पैसं कुठलं? उभं राहून बघायचं आन् त्या माणसानं ह्ये का केलं, त्याचा रातभर विचार करायचा.”

जेवताना भाच्याचा फोन आला. मी पाच चालींत वजीर गेल्याचं सांगितलं. तिकडं एवढा वेळ शांतता होती की मला वाटलं फोन कट झाला.

“मामा, काही हरकत नाही,” तो शेवटी म्हणाला. “आनंदसुद्धा पेट्रॉफमध्ये सहा चालींत हरलाय.”

मी म्हटलं, कोण आनंद? कारण आमच्या शेजारी एक आनंद आहेत.

तो विश्वनाथन आनंदच होता. १९८८ साली, स्वित्झर्लंडमधल्या बील इथल्या स्पर्धेत. तेव्हा आनंद अठरा वर्षांचा. आदल्या वर्षी जागतिक ज्युनिअर स्पर्धा जिंकलेली, भारताचा पहिला ग्रँडमास्टर म्हणून देशभर नाव झालेलं, आणि इतका झरझर खेळणारा की समोरच्याला आपलंच घड्याळ बिघडलंय असं वाटावं. समोर कोलंबियाचा ग्रँडमास्टर आलोन्सो सपाता. आनंद काळ्या मोहऱ्यांनी पेट्रॉफ खेळला. आणि आनंदचा क्रम बरोबर होता. त्यानं आधी वजिरापुढचं प्यादं सरकवलं, घोडा उठवला, मग प्यादं मारलं. पडदा काढून मग जेवायला बसला. पाचव्या चालीला सपातानं दुसरा घोडा काढून आनंदच्या घोड्याला आव्हान दिलं. आनंदनं उंट बाहेर काढून त्या घोड्याला आधार दिला. सपातानं वजीर एक घर पुढं, राजाच्या तोंडासमोर आणून ठेवला.

तोच वजीर, तेच घर. फोनवर ऐकताना माझ्या घशात पुरीचा घास अडकला.

आता आनंदचा घोडा जागच्या जागी खिळला होता. हलला तर वजिराचा शह राजाला. नाही हलला तर पुढच्या चालीला एक क्षुल्लक प्यादं पुढं सरकणार आणि त्याला मारणार. आधाराला दुसरं प्यादं आणलं तरी ते प्यादं घोडा खाणारच. आपला वजीर मध्ये घातला तर पांढऱ्याचा घोडा उडी मारून त्या वजिरावरच येतो, आणि वजीर वाचवेपर्यंत घोडा गेलेला असतो. आनंदनं डाव सोडला. पुढं पाच वेळा जगज्जेता होणाऱ्या माणसाचा हा डाव सहा चालींचा आहे. माझ्यापेक्षा तो एक चाल जास्त टिकला.

पण मला हसू आलं ते पुढच्या गोष्टीचं. तो उंट आनंदनं स्वतःच्या डोक्यानं काढला नव्हता. १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोत अँथनी माइल्स आणि लॅरी क्रिस्टियनसेन यांच्यात हीच सुरुवात झाली होती. क्रिस्टियनसेननं हाच उंट काढला होता. माइल्सनं वजीर पुढं आणलाच नाही, मुकाट घोडे मारामारी करून घेतली, आणि डाव बरोबरीत सुटला. तो डाव ‘इन्फॉर्मेटर’मध्ये छापून आला. इन्फॉर्मेटर हे १९६६पासून बेलग्रेडहून निघणारं प्रकाशन, जगभरच्या निवडक डावांचं, त्यात भाषा जवळजवळ नाहीच. चाली आणि खुणा. उद्गारचिन्ह म्हणजे छान, प्रश्नचिन्ह म्हणजे चूक, दोन प्रश्नचिन्हं म्हणजे घोडचूक. संगणक घरोघरी यायच्या आधी खेळाडू ते पोथीसारखं बाळगत. पाचशे पिनकोडही याच मंडळींचे. आनंदनं त्यात तो डाव पाहिला होता. दोन ग्रँडमास्टर खेळले, वर ते छापून आलं, म्हणजे बरोबरच असणार.

मी क्रम विसरलो म्हणून हरलो. आनंद सगळं लक्षात ठेवून हरला. यात बरोबरी साधण्याचा माझा बिलकुल हेतू नाही. पण त्या क्षणी, ताटात मठ्ठा सांडलेला असताना, मला त्या अठरा वर्षांच्या मुलाबद्दल जे वाटलं ते आदरापेक्षा जवळचं होतं.

कारण छापलेल्यावर माझाही असाच विश्वास. नोकरीला लागलो तेव्हा रजेचा अर्ज कसा लिहायचा हे मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या फायलीत मंजूर झालेला, साहेबांच्या सहीचा, शिक्क्याचा अर्ज होता. मी तो अक्षरशः उतरवला. ‘पुतण्याच्या मुंजीनिमित्त’ दोन दिवस रजा मिळावी. मला पुतण्या नव्हता, मला मोठा-धाकटा भाऊही नाही. रजा मंजूर झाली. मग पुढची सहा वर्षं मला दरवर्षी मे महिन्यात तोच अर्ज उपयोगी पडला. एकदा नवे साहेब आले. त्यांनी फाईल चाळली आणि मला बोलावून अत्यंत मायेनं विचारलं, “तुमच्याकडं पुतण्याची मुंज दर साली लागते, की मोडते?” साहेबांनी वजीर एकच घर पुढं आणला होता.

आणि माइल्स कोण, तर नकलेच्या नावानं ज्यानं आयुष्यभर नाक मुरडलं असा माणूस. १९८० साली स्वीडनमधल्या स्कारा इथं तेव्हाचा जगज्जेता कारपोव्ह समोर होता. कारपोव्हनं राजापुढचं प्यादं टाकलं. माइल्सनं उत्तरादाखल पटाच्या अगदी कडेचं प्यादं एक घर सरकवलं. नवशिक्यानंही खेळू नये अशी ती चाल. आणि जिंकला. त्या माणसानं एका दिवशी, कोण जाणे कुठल्या तंद्रीत, जिंकायची चाल सोडून दिली, आणि त्याच्या सोडण्याची नक्कल सहा हजार मैलांवरच्या पोराच्या गळ्याशी आली.

घरी आल्यावर मी पेट्रॉफबद्दल आणखी वाचत सुटलो. हरल्यावर वाचन वाढतं. त्यात कलकत्ता निघाला. १८४८ साली तिथं जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता आणि त्याचा जोडीदार होता मोहेशचंद्र बॅनर्जी, कलकत्त्याबाहेरच्या मोफसलातला, देशी पद्धतीत मुरलेला गृहस्थ. दोघांचे कित्येक डाव नोंदवून ठेवलेले आहेत. त्यातल्या एकात बॅनर्जी पेट्रॉफ खेळले. बॅनर्जींचा क्रमही बरोबर. आधी वजिरापुढचं प्यादं. तेव्हा कॉक्रेननं ‘ऊठ’ म्हटलेला घोडा मागं घ्यायच्या ऐवजी बॅनर्जींच्या राजाजवळचं प्यादं मारून तिथं मरायला बसवला. राजाला नाइलाजानं घोडा खावा लागतो आणि उघड्यावर यावं लागतं. याला कॉक्रेन गँबिट म्हणतात. वेडेपणा म्हणून दीडशे वर्षं लोक त्याला हसले, आणि १९९९ साली लिनारेसला टोपालोव्हनं तोच क्रामनिकविरुद्ध खेळून बरोबरी मिळवली.

बॅनर्जी कॉक्रेनकडून बऱ्याचदा हरले. पण काळ्या मोहऱ्यांनी खेळताना ते एक-एक घर प्यादी सरकवून, कोपऱ्यात उंट लपवून, पांढऱ्याला मधली जागा खुशाल देऊन बसायचे. देशी पद्धतीच्या माणसाला ते अंगवळणी पडलेलं. युरोपला ते विचित्र वाटलं. आज ‘इंडियन डिफेन्स’ नावाच्या सुरुवातींचं अख्खं घराणं जगभर खेळलं जातं, त्यातलं ‘इंडियन’ इथून आलं. बॅनर्जींनी ते कुणाचं बघून केलं नव्हतं. त्यांना एवढंच येत होतं. मला आजोबांचं ‘प्यादी एकेक पाऊल टाकत यायची’ आठवलं, आणि थर्मासच्या झाकणातला तो गोडमिट्ट चहाही.

हे सगळं नंतरचं. त्या रविवारी मला कॉक्रेनही माहीत नव्हता आणि बॅनर्जीही. माहीत होता फक्त एक वजीर.

सहाव्या फेरीअखेर माझे दीड गुण झाले आणि मी नळाशेजारच्या टेबलावर पोचलो. कुणी हात धुतले की पटावर शिंतोडे येत होते. समोर पाचवीतला एक मुलगा, गळ्यात पाण्याची बाटली, पाय जमिनीला न टेकलेले. मला पांढरी मोहरी. मी राजापुढचं प्यादं टाकलं. त्यानं टाकलं. मी घोडा काढला. त्यानं घोडा काढला.

माझ्या कानशिलाशी रक्त चढलं. मी घोड्यानं त्याचं मधलं प्यादं मारलं, आणि मनात देवाचं नाव घेतलं. पोराचा हात उठला, घोड्यावर आला. बोटं घोड्याच्या कानांपासून सुताभर वर थांबली. हात लाव, मी मनात म्हटलं, नुसता हात लाव. बोटं मागं गेली. त्यानं बाटलीतलं पाणी प्यायलं, आणि वजिरापुढचं प्यादं एक घर सरकवलं.

‘ऊठ’ म्हणाला पोरगा मला.

आणि माझ्या लक्षात आलं की दोनशे पानी वहीत मी फक्त काळ्याची बाजू पाठ केली होती. पांढरा काय खेळतो हे तिथं होतं, पण ते दुसऱ्यानं करायचं काम, अशा भावनेनं मी ते नुसतं वाचून गेलो होतो. घोडा मागं घेतला. त्यानं माझं प्यादं मारलं, घड्याळ दाबलं, मनगटानं नाक पुसलं. पटावर सगळं जिथल्या तिथं. त्याचा घोडा मधोमध. मागची गल्ली मोकळी.

मग मी मुळीच विचार केला नाही. वजीर उचलला आणि एक घर पुढं, राजाच्या तोंडासमोर आणून ठेवला. जसा आजोबांनी ठेवला होता, जसा सपातानं ठेवला होता, अगदी तसाच, थोडा फिरवून. खिशात पेन असतं तर तेही काढून पुन्हा ठेवलं असतं.

पोरानं एक सेकंदही घेतला नाही. त्याचा वजीर उचलला आणि माझ्या वजिराच्या समोर, एक घर पुढं, आणून ठेवला. दोन वजीर गल्लीच्या दोन टोकांना उभे राहून एकमेकांकडं बघू लागले. इथं घोडा खिळलेला नव्हता, उंट अडकलेला नव्हता, पडद्यामागं कुणीही नव्हतं. फार तर वजिरावर वजीर मारला जाणार, आणि एक अत्यंत कंटाळवाणा डाव सुरू होणार.

आजोबांचा डाव लवकर संपला असावा. थर्मास काखेत मारून ते नळावर हात धुवायला आले, ओले हात झटकत आमच्या पटाजवळ थांबले. एकदा माझ्या वजिराकडं पाहिलं, एकदा पोराच्या. पंचांनी लांबूनच ‘बोलू नका’ अशी खूण केली. आजोबांनी मान डोलावली, निघालेही. पण जाता जाता माझ्या कानाशी वाकून पुटपुटलेच.

“आता ह्ये कुणाचं बघून?”